तीन भिंतींचं घर

हे शहर एका घोड्याने वसवलं, असं सगळे सांगतात. राजा म्हणे नदीकाठाने चालला होता. घोडा पाणी प्यायला थांबला तो थांबलाच. लगाम ओढून झाला, टाच मारून झाली, गोंजारून झालं, पण घोडा ढिम्म हलेना. तेव्हा राजा म्हणाला, या जागेत काहीतरी आहे, आपण इथेच राहू. मग वाटा आखल्या, घरं उठली, बाजार भरला आणि सगळ्याभोवती दगडी कोट उभा राहिला. घोड्याचं पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही. शहरं वसवणाऱ्यांच्या नशिबी बहुतेक हेच येतं.

काकूला ही गोष्ट कधीच पटली नाही. "घोडा दमला होता," ती म्हणायची. "राजाही दमला होता, पण राजाने तसं म्हणायचं नसतं. बरोबर एखादी बाई असती ना, तर तिने आधी विचारलं असतं, की इथे दुपारचा उजेड कुठून येतो?"

काकू म्हणजे कोटाच्या गल्लीतली शिलाईकाकू. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, उसवलेल्या पिशव्या, काय म्हणाल ते ती शिवायची. आणि दुपारच्या उजेडाचा प्रश्न तिच्यासाठी राजाच्या राज्यापेक्षा मोठा होता, कारण तिच्या घराला मागची खिडकीच नव्हती.

गल्लीतली सगळी घरं तशीच, तीन भिंतींची. चौथी भिंत शहराची. कोट नवा होता तेव्हा त्याला टेकायची कोणाची छाती नव्हती. वर पहारेकरी फिरायचे, आणि अंधार पडला की दरवाजे बंद व्हायचे. मग बाहेर राहिलेला जावई असो की व्यापारी, त्याने सकाळपर्यंत बाहेरच बसायचं. पुढे राज्य बदललं, तोफा लांबून मारा करायला लागल्या आणि एवढी जाडजूड भिंत बघता बघता निरुपयोगी झाली. दरवाज्यांच्या फळ्या लोकांनी सरपणाला नेल्या. मग आयत्या बिळावर नागोबा तसे जो तो कोटाला पाठ लावून घर बांधायला लागला. घर पाहावं बांधून, असं म्हणतात खरं. पण चारातली एक भिंत फुकट मिळत असेल तर बांधून बघायला काय हरकत आहे?

काकूचं सासर गवंड्याचं. नवरा गवंडी, सासरा गवंडी, त्याच्याही मागचे सगळे गवंडी. "हा कोट आमच्या माणसांनी रचलाय," हे वाक्य त्या घरात चहाइतकं नेमाने व्हायचं. त्याला पुरावा काही नव्हता, पण शंका घ्यायची हिंमतही कोणात नव्हती. काकूचा नवरा, म्हणजे गल्लीचे गवंडीकाका, तर पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी भिंत दाखवायचे. "बघा, ओळंबा लावून बघा. आजही केसभर सरकलेली नाही."

सरकली नव्हती हे खरं. पण पोकळ झाली होती, हेही तितकंच खरं. कारण त्या घराची एक रीत होती. घर अरुंद, बोळकंच म्हणा ना. पुढे दार आणि मागे कोट. कपाट ठेवायचं तर माणसाने उभं राहून झोपायचं. म्हणून कोणाचं लग्न ठरलं की त्या मुलाने कोटात एक कोनाडा कोरायचा. स्वतःच्या हाताने, घरचीच छिन्नी-हातोडी घेऊन. येणाऱ्या सुनेचं सामान त्यात राहायचं. गल्लीतल्या बाकीच्यांनी भिंतीला फार तर खिळा ठोकला असेल, कारण त्यापलीकडे त्यांना येतच नव्हतं. यांना येत होतं. ज्यांच्या पूर्वजांनी रचली म्हणायचं, त्यांच्याच वंशाने ती पिढ्यानपिढ्या आतून कुरतडली. कुंपणाने शेत खावं तसा प्रकार, आणि वर त्याचाच अभिमान.

शहराचा इतिहास पुस्तकात असतो. काकूला तो कोनाड्यांमधून शिकवला गेला. नवी नवरी असताना सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, तिला सगळे कोनाडे फिरून दाखवले होते. हा खालचा रुंद कोनाडा पणजोबांचा. कोटाचे दरवाजे उतरवले त्या साली त्यांचं लग्न झालं. आता चोराला सगळं रान मोकळं म्हणून त्यांनी पेटी साखळीने अडकवायला त्यात लोखंडी कडी बसवली होती. हा त्याच्या शेजारचा आजोबांचा. तेव्हा शहरात गिरण्या आल्या होत्या. पहाटे भोंगा वाजला की अख्खं शहर उठायचं, पण आजी बहिरी होती, म्हणून तिच्या उशाशी पितळेचं गजराचं घड्याळ ठेवायला हा कोनाडा. "बहिऱ्या बाईला गजर कशाला?" असं काकूने विचारलं, तेव्हा अण्णा थोडे गोंधळले. आजवर हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता.

अण्णांचा स्वतःचा कोनाडा पार छताखाली होता. त्यांचं लग्न पुराच्या वर्षी झालेलं. नदी शहरात शिरली होती आणि भिंतीवर छातीच्या उंचीला चिखलाची रेघ उमटली होती. अण्णांनी शपथच घेतली, की माझ्या बायकोचं सामान पुन्हा भिजू देणार नाही. भिजलं नाहीच. फक्त सासूबाईंना जन्मभर प्रत्येक गोष्टीसाठी स्टुलावर चढावं लागलं. मधल्या काळात चुलत्यांची लग्नं झाली, दिरांची झाली. जे नंतर वेगळे झाले ते सामान घेऊन गेले, कोनाडे तिथेच राहिले.

काकूचं लग्न ठरलं तेव्हा बाहेरचा रस्ता रुंद होत होता. पलीकडच्या बाजूचा कोट बसगाड्यांसाठी पाडून टाकला होता आणि चिऱ्यांचे ढीग पडले होते. लग्नाआधी एकदाच दोघं तिच्या घरच्यांच्या देखत बोलले. काकांनी विचारलं, "कोनाडा कुठे हवा?" शिवणकाम तेव्हाही तिच्या हातात होतं. तिने घर एकदा पाहिलं होतं, दार पूर्वेला, दुपारनंतर आत काळोख. ती म्हणाली, "कोनाडा नको. मागे खिडकी झाली तर बघा."

"बघतो," ते म्हणाले.

लग्न होऊन घरात आली तेव्हा भिंतीत कोनाडा होता. चांगला होता, खोटं कशाला बोला. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, मध्ये बाहेरच्या पाडलेल्या कोटातल्या चिऱ्याची फळी. "हे घे," काका म्हणाले. तिने त्यात दोऱ्यांची रिळं लावली, रंगांनुसार. एकदा मागून मिळालं नाही की दुसऱ्यांदा मागायचं नाही, हा तिचा स्वभाव. तिने मनाशी धरून टाकलं, की या माणसाला अर्धंच ऐकू येतं. संसाराला तेवढं पुरतं.

आणि पुरलंही. मशीन दारात. सकाळभर ऊन मशीनवर, दुपारनंतर बिनमहत्त्वाची कामं: हातशिलाई, बटणं, काजं. काळं कापड फक्त सकाळी. काळ्यावर काळी शिलाई घालायची तर दिव्याच्या उजेडात टाका कुठे पडतो ते दिसत नाही, हे तिचं गिऱ्हाईकही शिकलं होतं. पावसाळी दिवस आला की ती उगाच कोणावरही चिडायची आणि मुलगा म्हणायचा, "आज आई ढगाळ आहे."

गिरण्या बंद पडल्या. भोंगा थांबला आणि शहर आपापल्या वेळेला उठायला लागलं. मुलगा शिकला, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला. त्याचं लग्न ठरलं तेव्हा काकांनी छिन्नीला धार लावून ठेवली होती. मुलगा म्हणाला, "बाबा, आम्हाला कपाट आहे. भिंतीतलंच आहे." काकांनी छिन्नी तेल लावून पुन्हा गुंडाळून ठेवली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. काकूने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा नाही.

आता गोष्ट येते शहराच्या वाढदिवसावर. अमुक इतकी शतकं भरली म्हणून समिती बसली, सत्कार ठरले, चौकात सिमेंटचा घोडा उभा राहिला. त्याचे मागचे पाय इतके जाड होते, की तो पुढे का जात नव्हता हे लोकांना पहिल्यांदा नीट समजलं. आणि समितीने ठरवलं, की उरलासुरला कोट मोकळा करायचा. त्याला टेकलेली घरं काढायची, भिंतीवर दिवे सोडायचे, म्हणजे शहराला आपला इतिहास दिसेल. राहणाऱ्यांना नव्या इमारतींत घरं.

गल्लीत रडारड होईल असं समितीला वाटलं असावं, कारण पहिल्या बैठकीला त्यांनी एक प्रेमळ अधिकारी पाठवला होता. त्याला रडणारं कोणी मिळालं नाही. शेजारचा घड्याळवाला म्हणाला, "साहेब, नळाला पाणी येतं का तिकडे? मग कधी निघायचं तेवढं सांगा." लोक जाऊन घरं बघून आले. काकूही गेली बायकांबरोबर. बाकीच्या मोऱ्या बघत होत्या, नळ सोडून बघत होत्या. काकू मागच्या खोलीत गेली. दुपार टळत होती. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट जमिनीवर आलं होतं. तिने फरशीवर बसकण मारली, पदराला टोचलेली सुई काढली, आणि चष्मा न लावता काळा दोरा ओवला. पहिल्या फटक्यात गेला. मग ती तिथेच बसून राहिली. बायका हाका मारायला लागल्या तेव्हा उठली आणि म्हणाली, "बरं आहे घर."

गल्लीत एकच माणूस अडून बसला होता, आणि तो नेमका तिच्याच घरात होता.

"मी नाही हलणार," काका म्हणाले.

"का?"

"का म्हणजे? हा कोट आमच्या..."

"माणसांनी रचलाय. माहीत आहे. मग त्यांचंच काम लोकांना दिसावं म्हणून मोकळा करतायत ना?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

काकूने मशीनचं चाक हाताने फिरवलं आणि पायाने दाबलं. मशीन चालू असलं की तिच्याशी बोलता येत नसे. तिचा तोच दरवाजा होता.

मोजणीला पालिकेची इंजिनियर आली. तरुण बाई होती, पायात बूट, हातात छोटी हातोडी. प्रत्येक घराच्या मागच्या भिंतीवर ती टकटक करायची, कान लावायची, पुढे जायची. घड्याळवाल्याकडे भिंत ठणठणीत, पुढच्या घरी ठणठणीत. गवंडीकाकांच्या घरात ती आली आणि तिने हातोडी मारली, पुन्हा मारली, मग थोडी सरकून मारली. मग तिने सगळ्या कोनाड्यांतलं सामान काढायला सांगितलं.

ते काढल्यावर जे दिसलं ते काकूनेही एकत्र कधी पाहिलं नव्हतं. भिंत कुठे होती? वर, खाली, बाजूला, नुसती भोकं. इंजिनियर बाई खुर्चीवर बसली आणि तिने पाणी मागितलं.

"काका," ती म्हणाली, "कोट म्हणजे दोन भिंती असतात. एक बाहेरून, एक आतून, मधे भराव. तुमच्या आतल्या भिंतीचं काही उरलेलंच नाही. बाहेरची भिंत उभी आहे ती तुमच्या घराच्या तुळयांवर. घराने कोट नाही, कोटाने घर धरलंय असं वाटतं ना? उलटं आहे. घर काढलं तर एवढा तुकडा कोसळेल."

काका ताठ झाले. म्हणजे चेहऱ्यावर खेद दाखवायचा असतो एवढं त्यांना कळत होतं, पण मान मात्र आपोआप वर गेली. "मग? घर काढता येणार नाही म्हणता?"

"दोनच मार्ग आहेत. एक तर सगळे कोनाडे दगडाने भरून काढायचे. पण सिमेंट चालणार नाही, जुन्या चुन्याशी ते जुळत नाही, काही वर्षांत सुटतं. चुन्यातलं काम करणारा गवंडी हवा, आणि असा माणूस मी शोधतेय, अजून मिळाला नाही. नाही मिळाला तर हे एक घर इथेच राहील. तुम्हीही राहाल." तिची नजर कोपऱ्यातल्या थापीवर गेली. "तुम्ही गवंडी ना? चुन्याचं काम केलंय कधी?"

काकू दारात मशीनवर होती. तिचा पाय थांबला.

काकांनी अण्णांच्या हाताखाली पोरवयापासून चुना मळला होता. शहरातल्या जुन्या पुलाच्या कमानींच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, त्यांनी भरल्या होत्या. चुना बोटांत धरून, तो तयार झालाय की अजून भिजायला हवा, हे सांगणारे ते बहुधा शेवटचे.

"छे हो," काका म्हणाले. "आम्ही सगळे सिमेंटवाले."

नवऱ्याला परक्यासमोर खोटं पाडायचं नाही, हे काकू माहेरून शिकून आली होती. तिने पाडलं नाही. इंजिनियर बाई गेली. काकूने मशीनवर झाकण घातलं, भर सकाळी, चांगला उजेड असताना. काकांना त्याचा अर्थ कळला. त्या घरात झाकण फक्त दुखण्याखुपण्याला पडायचं.

"दिवे लागतील, लोक बघायला येतील, आपण इथेच असू," काका तिच्या पाठीला सांगत राहिले. "मानाने राहू. काय वाईट आहे?"

काकू भाजी चिरत होती. भांडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. भांडणात त्यांचा हात कोणी धरला नसता. पण ही बाई ताट वाढायची, पाणी द्यायची, झाकण उघडायची नाही. गिऱ्हाईक यायचं आणि ती सांगायची, "आता घेत नाही." गल्लीतली घरं एकेक करून बांधाबांध करत होती. घड्याळवाला निरोप घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "काकू, तुमचं नशीब, तुम्हाला हलावं लागत नाही." काकूने त्याला चहा दिला आणि आत जाऊन डोळ्याला पदर लावला. तिला ते घर हवं होतं. भांडी ठेवायला नाही, पाहुण्यांना दाखवायला नाही; मागच्या खोलीतल्या त्या उन्हाच्या तुकड्यासाठी हवं होतं, आणि आता ते दुसऱ्या कोणाला मिळणार होतं.

इंजिनियर बाई पुन्हा आली, या वेळी कोनाडे किती खोल आहेत ते मोजायला. प्रत्येक कोनाड्याच्या पाठीत तिने बारीक भोक पाडून सळई घातली. पणजोबांचा कोनाडा हातभर खोल, मागे भरपूर भराव. आजोबांचा तसाच. अण्णांचा तर त्याहून उथळ. मग ती दोऱ्यांच्या कोनाड्याकडे आली. सळई पोकळीतून सरकन आत गेली आणि पार टोकाला दगडावर आदळली. तिने दुसरीकडे घातली, तिथेही तसंच.

"हा कोणी कोरला?"

"मी," काका म्हणाले.

"इथे भरावच नाही. तुम्ही आतला सगळा काढलाय, आणि मग पुढे आपणच दगडाची पातळ पाठ लावून ती पोकळी झाकलीय. तिच्यामागे बाहेरचा एकच चिरा आहे. खरी कमजोर जागा हीच." ती रागावलेली नव्हती, चकित झालेली होती. "बाकी सगळे हातभर जाऊन थांबले. तुम्ही एवढे आत कशाला गेलात? आणि गेलात तर मग झाकलं कशाला?"

काका भिंतीकडे बघत होते. काकूही बघत होती, पण भिंतीकडे नाही.

"खिडकी करत होतो," काका म्हणाले.

कोनाड्याच्या कडेवरून बोट फिरवत ते पुढे सांगायला लागले.

"हिने खिडकी मागितली होती. लग्नाआधी. मी अण्णांना सांगितलं, कोनाडा करतोय. रोज कामावरून आलो की थोडं थोडं. शेवटचा चिरा राहिला होता. तो हलवायला गेलो आणि बाहेर आवाज झाला, अण्णा धावत आले. त्यांनी हातातली हातोडी काढून घेतली. म्हणाले, आतून काय खायचं ते खा, कोटाला आरपार भोक पाडायचं नाही. आपण रचलाय. कोटाला भोक पडलं तर तो कोट राहत नाही." त्यांनी पाठीच्या दगडावर हात ठेवला. "मग मी झाकलं."

"आणि मला सांगितलंत, हे घे," काकू म्हणाली.

"हो."

"मी आजवर समजत आले, तुम्हाला ऐकूच गेलं नाही."

"ऐकलं होतं."

"मग सांगायचं नाही का तोंडाने? एवढ्या वर्षांत एकदा?"

"काय सांगू? अर्धं काम सांगण्यासारखं असतं का? गवंड्याने अर्धी भिंत दाखवून मजुरी मागावी, तसं झालं असतं."

काकूला राग आला, तोही खरा. एवढी वर्षं ती एका बहिऱ्या माणसाशी संसार करत होती, आणि तो बहिरा नव्हताच. एका वाक्याने निभावलं असतं. ते वाक्य या माणसाने भिंतीत गाडलं आणि वर पाठ लावून, घासून, गुळगुळीत करून ठेवलं. "मूर्ख आहात तुम्ही," ती म्हणाली. परक्या बाईसमोर नवऱ्याला असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती. "एक नंबरचे मूर्ख. मला खिडकी नको होती हो मग. एवढं सांगितलं असतंत तरी मी अंधारात शिवलं असतं."

इंजिनियर बाई सळई पुसत राहिली. ती सळई एवढी स्वच्छ कधीच झाली नसेल.

बऱ्याच वेळाने काका खाली बसले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "बाई, चुना भिजवायला मोठं टाकं लागेल. विटेचा चुरा चाळून द्या, जाडाभरडा चालणार नाही. आणि मला घाई करायची नाही. चुना घाईने येत नाही."

"म्हणजे तुम्हाला...?"

"येतं," काकू म्हणाली. "पुलाच्या कमानी यांनीच भरल्यात."

त्या संध्याकाळी मशीनचं झाकण निघालं.

चुना भिजला, मळला, मुरला. दोन मजूर आले, ते दगड उचलून द्यायचे. रचायचं काम काका कोणाला देईनात. गुडघे कुरकुरायचे, तरी ते फळीवर चढायचे. आधी छताखालचा अण्णांचा कोनाडा भरला. मग चुलत्यांचे, दिरांचे, मग बहिऱ्या आजीचा, मग पणजोबांचा. कडी काढायला काकू सांगत होती, काकांनी ती तशीच आत राहू दिली. प्रत्येक कोनाडा भरण्याआधी ते त्यात एकदा हात फिरवून घ्यायचे. एकदा काकूने विचारलं, "वाईट वाटतंय?" ते म्हणाले, "वाटणारच. पण भिंत आता वाजते बघ." त्यांनी थापीच्या मुठीने ठोकलं. खरंच, ठणठणीत वाजली.

काकूने सामान बांधायला काढलं. मुलगा सुट्टी घेऊन येतो म्हणाला होता. गल्ली जवळजवळ रिकामी झाली होती. बंद दारं आणि एक मांजर.

शेवटी दोऱ्यांचा कोनाडा राहिला. त्या दिवशी मजुरांना काकांनी येऊ नका म्हणून सांगितलं होतं. इंजिनियर बाई दुसरीकडे होती. जेवणं झाली, दुपार कलली, तेव्हा त्यांनी घमेल्यात माल कालवला, छिन्नी घेतली आणि आपणच लावलेली पाठ ठोकून काढली. मग ते बाहेरच्या चिऱ्याच्या सांध्यांत छिन्नी घालायला लागले.

"हे काय करताय?" काकू म्हणाली.

"याच्या सांध्यांतला चुना मेलाय. चिरा काढून नीट बसवायला हवा."

"बाईने सांगितलंय?"

"बाईला काय विचारायचं? मी गवंडी आहे."

चुना मेला नव्हता. काकूला चुन्यातलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्यातलं आता थोडं थोडं कळायला लागलं होतं. तिने हात लावला. दोघांनी मिळून चिरा आत ओढला, जमिनीवर उतरवला, आणि काका धापा टाकत बाजूला झाले.

घरात ऊन आलं. जमिनीवरून सरकत ते पार उंबरठ्यापर्यंत गेलं. हवेत चुन्याची धूळ तरंगत होती. काकूने डोकं आत घातलं, हात टेकले आणि बाहेर पाहिलं. टायरचं दुकान होतं. त्याच्यापुढे एक माणूस खुर्चीवर झोपला होता, तोंड उघडं. पलीकडे बसथांबा, एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. वाळत घातलेली चादर. रस्ता.

"काय दिसतं?" काकांनी मागून विचारलं.

"काही नाही. टायरचं दुकान."

"एवढंच?"

"एवढंच."

पण ती तिथून हलली नाही. बस आली, पिशवीवाली बाई चढून गेली, दुसरी येऊन बसली. ऊन काकूच्या तोंडावर होतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिने पुसलं नाही. मागे काका थापी घेऊन थोडा वेळ उभे राहिले, मग घमेल्यापाशी बसले, मग त्यांनी बोटाने माल चाचपून बघितला.

"अगं," ते म्हणाले, "माल सुकतोय."

"सुकू द्या," काकू म्हणाली. "पुन्हा कालवा."